शिळं पाणी

आमच्या सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही. येतं तो 'पाण्याचा वार'. त्या दिवशी घरात लग्न असो की सुतक, एक माणूस नळापाशी असतंच. आणि त्या दिवशीचं पहिलं काम कोणतं, तर घरात उरलेलं पाणी ओतून द्यायचं. बाहेरगावचा पाहुणा हे बघून चक्रावतो. इतक्या दिवसांनी पाणी येतंय आणि ही माणसं भरलेले हंडे उपडे करतायत! पण ते पाणी शिळं झालेलं असतं. भाकरी शिळी होते, भात शिळा होतो, तसं पाणीही. वाया कुणी घालवत नाही, ते झाडांना जातं, फरशीला जातं. फक्त ताज्यात शिळं मिसळायचं नाही.

माझी बायको या नियमाची पक्की. ती अक्कलकोटाकडची, माहेरी कानडी बोलणारी. लग्न होऊन आली तेव्हा तिचं मराठी ऐकून माझी भावंडं हसायची, आणि तिला हंडे घासताना बघून गप्प व्हायची. परसात आमचा सिमेंटचा हौद होता. पाण्याच्या वारी ती त्याच्या तळाचं बूच काढायची, उरलंसुरलं पाणी पन्हाळीतून झाडांना जायचं, मग ती खराट्यानं हौद आतून घासायची, बूच घट्ट बसवायची आणि नळ सोडायची. पुढं गच्चीवर काळी प्लास्टिकची टाकी आली आणि हौद रिकामा पडला. त्यात मी जुने पाइप, फुटक्या कुंड्या असलं काहीबाही टाकत गेलो.

मग तिला काचबिंदू झाला. झाला म्हणजे तो आधीपासूनच असणार, आम्हाला उशिरा कळला. ती दाराच्या चौकटीला खांदा आपटून घ्यायला लागली, ताटाच्या कडेची चटणी तिला दिसेना, तेव्हा मी वेंधळेपणाबद्दल दोनचार टोमणे मारून झाल्यावर डॉक्टरीणबाईंकडं गेलो. या आजारात नजर कडेकडेनं मिटत येते. दार लोटत आणावं आणि शेवटी फट उरावी, तसं. गेलेली नजर परत येत नाही, उरलेली थेंब घालून टिकवायची, असं बाईंनी सांगितलं. ती फट किती दिवस राहील हे त्यांनी सांगितलं नाही, आणि आम्हीही विचारलं नाही.

एकदा सकाळी चहा घेताना ती म्हणाली, "अहो, मला हलतं काहीतरी बघायचंय."

"टीव्ही आहे की."

"टीव्हीतलं नको. खरं. या घरातली एकूण एक वस्तू जागच्या जागी आहे आणि मला पाठ आहे. तो देव्हारा, ते कॅलेंडर, तुम्ही. मला ते दिसतंय का नुसतं आठवतंय, हेच कळेना झालंय."

मला यात माझा नंबर कॅलेंडरानंतर लागला याचं हसू आलं, पण हसता आलं नाही. कारण ती काय म्हणत होती ते मला नीट कळलं होतं. डोळे शाबूत आहेत की नाहीत याचा पुरावा तिला हवा होता, आणि पाठ नसलेली वस्तूच तो पुरावा देऊ शकत होती.

काय हलतं हवंय, हेही तिनं ठरवलेलं होतं. काही दिवसांपूर्वी होटगी रस्त्यावरच्या एका मंगल कार्यालयात नातेवाइकाचं लग्न होतं. तिथं दारातच एक तळं केलेलं, आणि त्यात ते 'कोई' नावाचे रंगीत जपानी मासे. ही तिथून हलेना. पंगती उठायला लागल्या तरी काठावर वाकून उभी. "केशरी दिसतोय मला. हा बघा, इकडून आला. आता गेला. आता पांढरा आला." मी मुकाट्यानं तिच्या शेजारी उभा राहिलो आणि जिलेबीवर पाणी सोडलं.

आता आमच्या घरात अंडंसुद्धा कधी आलेलं नाही. दोन्हीकडची माणसं लिंगायत, गळ्यात लिंग घालणारी. मासे आणायचे म्हटल्यावर तिच्या भावजयीनं फोनवर विचारलं, "शिजवायला का बघायला?" शेजारच्यांचं म्हणणं वेगळंच होतं. माणसांना प्यायला पाणी नाही आणि हे तळी बांधतायत! त्यांना मी सांगितलं, की मासे पाणी पीत नाहीत, त्यातच राहतात, आणि रोज आटतं ते तुमच्या गाडी धुण्याहून कमी आहे. त्यानंतर त्यांनी विचारलं नाही.

माझा जन्म पाटबंधारे खात्यात नकाशे काढण्यात गेला. कालवे, चाऱ्या, मोऱ्या. निवृत्त झाल्यावर ड्रॉइंग बोर्ड माळ्यावर टाकला होता तो खाली काढला. खरं सांगायचं तर त्या दिवसांत मला बरं वाटत होतं. तिच्या डोळ्यांसाठी मला काही करता येत नव्हतं, तळ्यासाठी येत होतं. जुना हौदच रुंद करायचा, एका बाजूनं खोल न्यायचा, कारण आमच्याकडच्या उन्हात उथळ पाण्याचा काढा होतो. काठाला तिला बसता येईल असा कट्टा. कट्ट्याची उंची तिच्या गुडघ्याइतकी. कोपऱ्यात गाळणीचं पिंप, पाणी फिरवायला छोटी मोटार. तळाचं बूच होतं तिथंच ठेवलं, साफसफाईला बरं. मासे जाऊ नयेत म्हणून त्यावर जाळी बसवली. गवंडी नकाशा बघून म्हणाला, "साहेब, धरण हाय का काय?" म्हटलं, "व्हय, आणि धरणग्रस्त आम्हीच."

रंगावरून वाद झाला. सगळे निळा देतात, गवंड्यालाही निळाच हवा होता. मी काळा म्हणून अडून बसलो. काळ्यावर केशरी उठून दिसतो. तळ्याची शोभा मला नको होती, तिच्या त्या फटीतून दिसेल तेवढं हवं होतं.

नवं सिमेंट माशांना बाधतं म्हणून तळं दोनतीनदा भरून सोडलं. तेव्हा तिचा जीव खालीवर. सोडलेल्या पाण्याची एक बादली तिनं गटारात जाऊ दिली नाही. शेवटी मासे आले, फुगवलेल्या पिशव्यांतून. लहानच होते, हाताच्या बोटाएवढे, पण रंगानं चोख. मासेवाल्यानं पिशव्या तळ्यात तरंगत ठेवल्या, थोड्या वेळानं तोंडं सोडली. "साब, नल का पानी डायरेक्ट नक्को. ड्रम में भर के रखो, बाद में डालो. और इनो को साया होना."

त्याचं म्हणणं मी तिला माझ्या पद्धतीनं सांगितलं. "हे मासे तुझ्या अगदी उलट आहेत. यांना शिळं पाणीच मानवतं."

"मग तुमच्याच गोत्रातले की," ती म्हणाली. मला शिळी भाकरी आणि दही लागतं, त्यावरून.

आम्ही दोघंही हसलो आणि ती गोष्ट थट्टेतच राहिली. तळ्यात भर घालायचं काम माझं होतं. नळाचं पाणी मी एका पिंपात भरून उघडं ठेवायचो आणि ते शिळं झालं की तळ्यात सोडायचो. ती त्या पिंपाकडं बघून नाक मुरडायची.

पुढचे काही महिने चांगले गेले. मासे वाढले. सकाळी चहाचा कप घेऊन ती कट्ट्यावर बसायची, दाणे टाकायची, मासे वर येऊन चपचप तोंड मारायचे. मी आत पेपर वाचत असायचो आणि बाहेरून बातम्या यायच्या. "केशरी आला." "ठिपक्यांचा आज मागं राहिलाय." कधी नुसतंच, "दिसला!" तो शब्द आला की मी पुढचं पान उलटायचो. एखाद्या सकाळी उशीर झाला तर माझं पेपरात लक्ष नसायचं. ती मासे बघत नव्हती, डोळे तपासत होती, आणि ते आम्हा दोघांनाही माहीत होतं. माशांना ती 'मीनु' म्हणायची. कानडीत माशाला मीनु म्हणतात, पण तिच्या तोंडी ते लेकराला हाक मारल्यासारखं वाटायचं.

मग उन्हाळा आला. सोलापूरचा उन्हाळा मी काय सांगायचा. पाणी गरम व्हायला लागलं म्हणून तळ्यावर हिरवी जाळी ताणली. पाणी निवलं, पण जाळीखाली सगळं अंधारलं आणि तिला काही दिसेना. जाळी काढावी तर मासे तळमळतात, लावावी तर ही. शेवटी मी ठरवलं, कमळं लावू. कमळांच्या पानांनी निम्मं तळं झाकेल, निम्मं उघडं राहील; माशांना साया आणि हिला मासे.

टेंभुर्णीच्या पुढं, उजनी धरणाच्या पाण्याकाठी, माझ्या एका जुन्या सहकाऱ्याच्या भावाची केळीची बाग आहे. त्याच्या रानाला लागून पाणी चढतं तिथं पांढरी कमळं माजलेली असतात, हे मला ठाऊक होतं. त्याला फोन केला आणि एका सकाळी एसटीनं गेलो. निघताना ती म्हणाली, "लाल मिळालं तर लाल आणा. लाल दिसेल मला."

लाल नव्हतंच. केळीवाल्याला माझ्या येण्याची मौज वाटत होती. "ह्येच्यासाटी सोलापूरवरनं आला? आमी ह्ये विळ्यानं कापून टाकतुय की. मोटारीच्या फुटबॉलात अडकतंय, पाणीच वढंना हुतंय." मोटारीच्या फुटव्हॉल्वला तिकडं सगळे फुटबॉलच म्हणतात. पाणी हटून चिखल उघडा पडला होता. त्यात गुडघ्याएवढं उतरून त्यानं मला कंद उपटून दिले, ओल्या गोणपाटात बांधले, वर केळ्यांचा फणा ठेवला. "वैनीस्नी द्या. आन् मासं कसं हायती?" म्हटलं, मजेत आहेत.

तिकडं फोनला रेंज नसते. परत टेंभुर्णीच्या स्टँडवर आलो तेव्हा तिचे फोन येऊन गेल्याचं दिसलं. लावला, तर म्हणाली, "काही नाही हो. झालं काम. या सावकाश."

घरी पोचलो तेव्हा उन्हं कलली होती. ती परसात कट्ट्यावर बसली होती, पदरानं वारा घेत, आणि खुशीत होती. तळ्यावर जाळी ताणलेली होती.

"आज तुम्ही नाही आणि पाण्याचा वार पुढं ढकललेला, तो आजच आला," ती सांगायला लागली. "नळ यायच्या आधी इकडं लाइट गेलेली. मोटार बंद. मीनु नुसते वर येऊन तोंड मारत होते हो, मला ऐकू येत होतं. जीव कासावीस झालेला त्यांचा. पाणी हाताला कोमट लागत होतं, आणि वास! मग नळाला जोर होता चांगला, म्हटलं सोडायचा नाही. बूच काढलं, निम्मं शिळं पाणी झाडांना सोडलं, आणि पाइप लावून गच्च भरलं. औषधाचा वास येत होता पाण्याला, म्हणजे स्वच्छ पाणी. वरून जाळी लावली, ऊन नको म्हणून. आता बघा कसे शांत झालेत."

नळाच्या पाण्यात जंतू मारायची पावडर टाकतात, त्याला आमच्याकडं औषध म्हणतात. पाणी लांबलं की औषध जरा जास्तच असतं. माणसाला त्याचं काही होत नाही. माशांचे कल्ले त्यानं भाजतात.

मी जाळीचं एक टोक उचललं. सगळे होते. पांढरी पोटं वर करून, एका कोपऱ्यात, मोटार पुन्हा चालू झालेली होती तिच्या ओढीनं जमा झालेले. केशरी सगळ्यांत मोठा झाला होता. त्याचं तोंड उघडं होतं.

"काय करताय?" तिनं विचारलं.

"पानं पडलीत. काढतोय."

हे मी ठरवून बोललो नाही. तोंडातून गेलं. घरात अंडं न आणणारी बाई, मुंग्यांना साखर घालणारी, तिला 'तू मारलेस' हे कोणत्या तोंडानं सांगायचं? तिच्याकडं पाठ करून, जाळीच्या पिशवीनं मी ते एकेक काढले. मेलेल्या माशाला मी जन्मात कधी हात लावला नव्हता. ते जड लागले आणि हातातून निसटायला बघत होते, जिवंत असल्यासारखे. कढीपत्त्याच्या मुळाशी खड्डा काढला. ती तिथंच बसलेली. "आता कसला खड्डा?" म्हटलं, पानं पुरतोय, खत होईल.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही कमळं लावली. गोणपाटात कंद वाळून गेले असते, थांबता येत नव्हतं. तिनं घमेल्यात काळी माती मळून दिली, खडे वेचून, भाकरीचं पीठ मळते तशी. मी कंद आडवे ठेवले, कोंब वर. वरून बारीक वाळूचा थर, माती तरंगू नये म्हणून. मग घमेलं तळ्यात उतरवायचं. तळाशी विटा रचल्या होत्या, त्यांवर ते बसवायचं आणि देठ वाढतील तशी एकेक वीट काढायची. मी कमरेएवढ्या पाण्यात उभा होतो. ती काठावरून घमेल्याची एक कड धरून होती.

"सावकाश," ती म्हणाली. "त्यांच्या अंगावर ठेवाल."

मी सावकाश ठेवलं. रिकाम्या पाण्यात, मासे चिरडू नयेत म्हणून, विटेविटेनं चाचपत ठेवलं.

"आज हाताला एकही लागत नाही. रोज बोटं चोखतात."

"बुजलेत. मी उतरलोय ना."

माझा बेत सरळ होता. तसेच मासे आणायचे, तसेच रंग, आणि बोलायचंच नाही. दुपारच्या उन्हात मासेवाल्याकडं गेलो. त्याच्या काचेच्या पेट्या निम्म्या रिकाम्या होत्या. "गरमी में माल लाताच नै साब. रस्ते में मर जाते. बारिश पडने दो." पाऊस पडायला अजून किती अवकाश होता! तरी मी आणखी दोन ठिकाणी विचारलं आणि लहान मुलांच्या काचेच्या भांड्यातले सोनेरी मासे बघून परत आलो. ते तिला फसवू शकले नसते.

ती दाणे टाकायची. वाकून बघायची. जाळी बाजूला करायला लावायची. "केशरीसुद्धा दिसत नाही हो," असं ती पहिल्यांदा म्हणाली तेव्हा मी म्हटलं, "कमळाच्या घमेल्याखाली गेलेत, ऊन आहे." तिसऱ्याचौथ्यांदा तिनं मला विचारलंच नाही. चहाचा कप घेऊन ती घरातच बसायला लागली. पेपर वाचताना बाहेरून काही येत नव्हतं.

दिसत नाहीत यावरून तिनं काढायचा तो अर्थ काढला होता. दाराची फट मिटली.

आणि मग माझ्या डोळ्यांदेखत ती आंधळी व्हायला लागली. भिंतीला हात लावून चालायची. स्वयंपाकघरातले डबे तिनं उंचीप्रमाणे लावून घेतले आणि मला बजावलं, की आता जागचे हलवायचे नाहीत. देवासमोरची वात तिनं मला लावायला सांगितली. एका दुपारी खलबत्ता पुढ्यात ओढून म्हणाली, "बसा इथं. शेंगांची चटणी शिकून घ्या. पुढं तुम्हालाच करायची आहे." मी कुटत होतो आणि ती नुसत्या आवाजावरून सांगत होती, अजून तेल सुटलं नाही, अजून चार घाव घाला. चटणी तिखटजाळ झाली. ती खाऊन "जमली की" म्हणाली आणि तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. तिखटाचं असं आम्ही दोघांनी धरून चाललो.

मी रोज सकाळी ठरवायचो, आज सांगू. एका बाजूला, सांगितलं तर तिनं आपल्या हातानं जीव मारले हे तिला कळणार. दुसऱ्या बाजूला, नाही सांगितलं तर तिची नजर गेली असं तिला वाटत राहणार. यातलं कोणतं दुःख लहान, हे मला कळेना. तराजू घेऊन बसलो होतो मूर्खासारखा, आणि वजन माझं नव्हतं.

डोळ्यांच्या तपासणीची तारीख आली. ती जायलाच तयार नव्हती. "गेल्यावर काय तपासायचं?" मी ओढूनच नेली. त्या तपासणीत एका पांढऱ्या घुमटात तोंड घालून बसवतात, आत इकडंतिकडं बारीक ठिपके चमकतात, दिसला की हातातलं बटण दाबायचं. मी बाहेर बाकावर बसलो होतो. आतून बटणाचे टक् टक् आवाज येत होते. मधे थांबत, मग पुन्हा.

डॉक्टरीणबाईंनी कागद बघितला, मागचा कागद शेजारी धरला आणि हसल्या. "छान आहे की, काकू. मागच्या वेळी होतं तेवढंच आहे. अजिबात वाढलेलं नाही. थेंब वेळेवर घेताय वाटतं."

 एवढी चांगली बातमी, आणि मला तिच्याकडं बघवेना. ती त्या दोन कागदांकडं बघत राहिली. बाईंना वाटलं तिला ऐकू आलं नाही, म्हणून त्यांनी मोठ्यानं पुन्हा सांगितलं. तिनं मान हलवली.

रिक्षात बसलो. सात रस्ता चौकातल्या सिग्नलवर रिक्षा थांबली. ती समोर बघत होती, त्या सगळ्या हलणाऱ्या गाड्यांकडं.

"नजर तेवढीच आहे म्हणाल्या ना?"

"हो."

"मग मीनु कुठं आहेत?"

रिक्षावाल्यानं आरशातून आमच्याकडं बघितलं. मी म्हटलं, "गेले."

"सगळे?"

"हो."

ती हिशेब लावत होती हे मला दिसत होतं. औषधाचा वास, बूच, जाळी, कढीपत्त्याचा खड्डा. सिग्नल सुटला. बराच रस्ता गेल्यावर ती म्हणाली, "शांत झालेत, असं मी म्हणाले होते."

मी तिच्या हातावर हात ठेवला. तिनं तो झिडकारला नाही, तसाच पडू दिला.

घरी आल्यावर तिनं चप्पल काढली आणि भिंतीला हात न लावता सरळ चालत परसात गेली. कढीपत्त्यापाशी उभी राहिली. मग माझ्याकडं वळून म्हणाली, "मी मारले, तर मारले म्हणायचं होतं. मी रडले असते. पाप लागलं असतं तर फेडलं असतं. तुम्ही मला आंधळी होऊ दिलंत."

 तुला वाईट वाटू नये म्हणून, हे तोंडाशी आलेलं गिळलं आणि आत जाऊन तिच्या चपला जागेवर ठेवल्या.

पाऊस पडला. मासेवाल्याचा फोन आला, माल आलाय म्हणून. मी तिला विचारलं. "नको," म्हणाली, "आता माझ्या हातांचा भरवसा नाही." कमळानं मात्र मूळ धरलं, औषधाच्या पाण्याला ते दाद देत नाही. पानं गच्च पसरली. शेवटची वीट काढली त्या आठवड्यात पहिलं फूल उमललं, पांढरं. मी तिला हाताला धरून नेलं. ती वाकली, बराच वेळ बघत राहिली.

"दिसतंय," ती म्हणाली. "पण हे हलत नाही."

कट्ट्यावर आता ती बसत नाही. मी बसतो, पेपर घेऊन.

परवा पाण्याचा वार होता. नळाला जोर होता. मी पुढच्या दारी होतो, आतून तिची हाक आली म्हणून गेलो. ती मोरीपाशी पाइप हातात धरून उभी होती. हंडा घासून, पालथा घालून, पुन्हा उताणा करून ठेवलेला. रोजचा, पिण्याचा. पाणी फरशीवरून वाहत मोरीत चाललं होतं, वाया, आणि ती हंड्याकडं बघत होती.

"अहो," तिनं विचारलं, "हे भरू का?"